स्नोबोर्डला मेण लावणे

स्नोबोर्डला मेण लावणे ही स्नोबोर्डच्या तळावर वितळवलेल्या मेणाचा थर चढवून, तो थंड झाल्यावर खरवडून व ब्रशने घासून काढण्याची देखभालीची प्रक्रिया आहे. या प्रक्रियेत लावलेले बहुतांश मेण पुन्हा काढून टाकले जाते. तळात मुरलेला आणि पृष्ठभागावर अत्यंत पातळ आवरणाच्या रूपात उरलेला अंशच प्रत्यक्ष उपयोगी पडतो. त्यामुळे हिमावरील (भुरभुरीत बर्फावरील) घर्षण कमी होते, बोर्ड वळवणे सोपे जाते आणि तळाची झीज मंदावते.

हे काम दुकानात यंत्रावर करून घेता येते. तथापि इस्त्री, मेण, खरवडपट्टी आणि ब्रश एवढ्या साधनांनी ते घरीही करता येते. मेणाचा कठीणपणा हिमाच्या तापमानाशी जुळणे आणि इस्त्रीच्या उष्णतेवर ताबा राखणे या दोन गोष्टींवर त्याचे यश अवलंबून असते. फ्लोरिनयुक्त मेणांचे आरोग्यावर व पाण्यावर होणारे परिणाम उघड झाल्यानंतर मेणाची निवड हा सार्वजनिक धोरणाचाही विषय बनला आहे.

इतिहास

स्नोबोर्डचे मेण हे स्कीच्या मेणापासून आले आहे. उत्तर युरोपात लाकडी स्कींच्या तळाला पाइन वृक्षाचे डांबर व राळ लावण्याची प्रथा जुनी आहे. योहानेस शेफेरस यांच्या १६७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लापोनिया’ या ग्रंथात तिचा उल्लेख आढळतो. अशा लेपामुळे लाकूड पाणी शोषत नसे आणि त्यावर हिम चिकटत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतराजीत सोन्याच्या खाणींवर काम करणारे लोक लांब लाकडी स्कींवरून उताराच्या शर्यती लावत. वेग वाढवण्यासाठी ते देवमाशाच्या डोक्यातून मिळणारे मेण, पाइनची राळ, कापूर अशा पदार्थांची मिश्रणे शिजवून तळाला लावत. या मिश्रणांना ‘डोप’ म्हणत आणि त्यांच्या कृती गुप्त ठेवल्या जात. हवामानानुसार वेगवेगळे मिश्रण वापरण्याची पद्धत तेव्हाच रूढ झाली होती.

विसाव्या शतकात नॉर्वेच्या पीटर ऑस्टबी यांनी ओल्या व गोठलेल्या हिमासाठी ‘क्लिस्टर’ नावाचा चिकट लेप तयार केला. १९४६ साली स्वीडनमध्ये ‘स्विक्स’ या नावाने खनिज तेलजन्य मेणांची मालिका बाजारात आली. तिच्या विकासात १९३६च्या हिवाळी ऑलिंपिकमधील रिले शर्यतीत कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वीडिश संघातील स्कीपटू मार्टिन मात्स्बो यांचा सहभाग होता. तापमानाच्या पट्ट्यानुसार मेणाला ठरावीक रंग देण्याची पद्धत या मालिकेमुळे लोकप्रिय झाली. १९५०च्या दशकात स्कींच्या तळासाठी पॉलिइथिलीन हे प्लास्टिक वापरात आले आणि इस्त्रीने मेण मुरवण्याच्या आजच्या पद्धतीला अनुकूल असा पृष्ठभाग उपलब्ध झाला.

स्नोबोर्डचा उगम अमेरिकेत झाला. १९६५ साली मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी दोन स्की एकत्र जोडून ‘स्नर्फर’ हे खेळणे तयार केले. १९७७ साली जेक बर्टन कारपेंटर यांनी व्हरमाँट राज्यात बोर्ड तयार करणारी कंपनी स्थापन केली. पुढे स्नोबोर्डनाही स्कींप्रमाणेच पॉलिइथिलीनचा तळ व पोलादी कडा बसवल्या जाऊ लागल्या आणि त्याबरोबर स्कीची मेणपद्धतीही या खेळात आली. १९९८ साली जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला.

तळाची रचना

आधुनिक स्नोबोर्डचा तळ पॉलिइथिलीनचा असतो. तो दोन पद्धतींनी बनवला जातो.

• ओतीव तळ: प्लास्टिक वितळवून साच्याच्या फटीतून पट्टीच्या रूपात बाहेर काढले जाते. असा तळ स्वस्त व दुरुस्तीस सोपा असतो. तो मेण कमी शोषतो, परंतु मेण लावण्यात खंड पडला तरी फारसा मंदावत नाही.

• दाबीव तळ: प्लास्टिकची भुकटी उष्णता व दाब यांच्या साहाय्याने सांधून तिचा ठोकळा बनवतात आणि त्यातून पातळ पट्ट्या सोलून काढतात. असा तळ अधिक टिकाऊ व अधिक वेगवान असतो आणि मेण अधिक शोषतो. मात्र त्याला नियमित मेण न मिळाल्यास त्याचा हा लाभ नाहीसा होतो.

तळाला छिद्रे असतात आणि मेण त्यांत भरले जाते, असे अनेकदा सांगितले जाते. वास्तविक पॉलिइथिलीनमध्ये सुबक रचनेचे स्फटिकमय भाग आणि त्यांमधील विस्कळीत रेणूंचे भाग असतात. उष्णता दिल्यावर मेणाचे रेणू मुख्यतः या विस्कळीत भागांत शिरतात. म्हणूनच नुसते चोळलेले मेण लवकर निघून जाते आणि इस्त्रीने मुरवलेले अधिक टिकते.

तळावर यंत्राच्या दगडाने सूक्ष्म रेषाही कोरलेल्या असतात. या रेषांमुळे तळ व हिम यांच्यामधील पाणी वाट काढून निघून जाते. मेणाच्या जाड थराने त्या बुजल्यास बोर्ड मंदावतो. मेण लावल्यानंतर ते खरवडून काढण्याचे हे प्रमुख कारण आहे.

हिमावरील घर्षण आणि मेणाचे कार्य

शरीराच्या वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि म्हणून त्यावरून घसरता येते, असे स्पष्टीकरण पूर्वी दिले जात असे. मात्र स्की किंवा स्नोबोर्डखालचा दाब कडाक्याच्या थंडीत बर्फ वितळवण्यास पुरेसा नसतो. फ्रँक बोडेन व टी. पी. ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे केलेले प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध केले. घसरताना घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे संपर्कबिंदूंवर पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो वंगणाचे काम करतो, असे त्यांनी दाखवले.

या पापुद्र्याच्या जाडीवर घर्षणाचे स्वरूप ठरते.

• अतिथंड हिमात पाणी फार थोडे निर्माण होते. हिमाचे कण कठीण व टोकदार असतात आणि ते तळात रुतून त्याला ओरखडतात. अशा वेळी कठीण मेण लागते. मऊ मेणात कण रुततात आणि बोर्ड अडतो.

• शून्य अंशाच्या जवळच्या ओल्या हिमात पाणी प्रमाणाबाहेर असते. ते तळाला चिकटून ओढ निर्माण करते. अशा वेळी पाणी झटकून टाकणारे मऊ मेण आणि मोकळ्या रेषा उपयोगी पडतात.

• या दोन टोकांच्या मधल्या तापमानात पापुद्रा वंगणासाठी पुरेसा असतो आणि घर्षण सर्वांत कमी असते.

हिमाचे तापमान ०° सेल्सियसच्या वर जाऊ शकत नाही. हवेचे मात्र जाऊ शकते. म्हणून शक्य असल्यास हिमाचे तापमान पाहून मेण निवडतात. हिमाचे वयही महत्त्वाचे असते. ताज्या हिमाच्या कणांना तीक्ष्ण टोके असतात, तर जुन्या हिमाचे कण झिजून गोलसर झालेले असतात. त्यामुळे तापमान सारखे असले तरी ताज्या हिमासाठी किंचित अधिक कठीण मेण निवडले जाते.

मेणाच्या उपयुक्ततेबाबत सर्वांचे एकमत नाही. मेणावर धूळ व काजळी जमून कालांतराने घर्षण वाढते आणि योग्य प्रकारे तासलेला कोरडा तळही चांगला घसरू शकतो, असे मत लिओनिद कुझमिन यांच्यासारख्या संशोधकांनी मांडले आहे. तरीही स्पर्धा व हौशी खेळ या दोन्हींमध्ये मेण लावण्याचीच प्रथा प्रचलित आहे.

मेणाचे प्रकार

क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये चढावर पकड मिळावी म्हणून वेगळे ‘पकड मेण’ वापरतात. स्नोबोर्डला केवळ घसरण सुलभ करणारे मेण लागते. त्याचे पुढील प्रकार आढळतात.

• हायड्रोकार्बन मेण: पॅराफिन, सूक्ष्मस्फटिकी मेण व कृत्रिम मेण यांचे मिश्रण. लांब रेणुसाखळीच्या मेणाचा वितळबिंदू जास्त व पृष्ठभाग कठीण असतो.

• सर्वतापमानी मेण: मध्यम कठीणपणाचे मेण. नवशिक्यांसाठी व हवामान अनिश्चित असताना सोयीचे.

• पूरक द्रव्ये घातलेले मेण: ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेले मेण. कोरड्या व धुळकट हिमासाठी वापरतात.

• वनस्पतिजन्य मेण: सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या तेलापासून बनवलेले, सहज विघटन होणारे मेण.

• चोळण्याचे व द्रवरूप मेण: इस्त्रीविना लावता येणारे मेण. सोपे, परंतु अल्पकाळ टिकणारे.

• फ्लोरिनयुक्त मेण: पाणी व घाण दोन्ही झटकणारे, एकेकाळी शर्यतींत सर्वाधिक वेगवान मानले गेलेले मेण. आता स्पर्धांत निषिद्ध आहे.

रंगसंकेतात सामान्यतः हिरवा व निळा रंग थंड हिमासाठी, जांभळा मध्यम, तर लाल व पिवळा उबदार हिमासाठी असतो. सर्व उत्पादक हाच संकेत पाळत नसल्याने वेष्टनावरील तापमान पाहणे आवश्यक ठरते.

घरगुती मेणबत्ती हा चांगला पर्याय नव्हे. तिच्यात रंग, सुगंध व इतर द्रव्ये मिसळलेली असू शकतात आणि तिचा कठीणपणा हिमाच्या तापमानाशी जुळवलेला नसतो.

साधने

मेणाच्या इस्त्रीचा तवा जाड, सपाट व बिनछिद्री असतो, त्यामुळे तिचे तापमान स्थिर राहते. कपड्यांच्या इस्त्रीचे तापमान मोठ्या फरकाने वरखाली होते आणि वाफेच्या छिद्रांत मेण साचते. जुनी इस्त्री वापरायची असल्यास ती या कामापुरतीच राखून ठेवतात, कारण नंतर ती कपड्यांवर फिरवल्यास मेणाचे डाग पडतात.

याखेरीज सरळ व धारदार कडेची ॲक्रिलिकची खरवडपट्टी, पितळी किंवा काशाच्या तारांचा ब्रश, नायलॉनचा किंवा घोड्याच्या केसांचा ब्रश, बोर्ड टेकवण्यासाठी दोन ठोकळे किंवा स्टँड, पेचकस, स्वच्छ फडके आणि जमिनीवर अंथरण्यासाठी कागद किंवा ताडपत्री एवढे साहित्य लागते. मेण काढण्यासाठी धातूची पट्टी सहसा टाळतात, कारण अननुभवी हाताने तिचा वापर केल्यास तळ सोलला जाऊ शकतो.

घरी मेण लावण्याची पद्धत

पूर्वतयारी

खोली उबदार व हवेशीर असावी. बाहेरून आणलेला बोर्ड पुसून, तो खोलीच्या तापमानाला येऊन पूर्ण कोरडा होईपर्यंत ठेवतात. थंड तळावर मेण टाकताच गोठते व आत मुरत नाही. बुटांचे बंध, म्हणजे बाइंडिंग, काढून ठेवतात किंवा किमान त्यांचे स्क्रू सैल करतात. घट्ट स्क्रू उष्णता ओढून घेतात आणि त्यांच्या ताणामुळे तळावर खळगे पडू शकतात. त्यानंतर बोर्ड तळ वर करून ठोकळ्यांवर ठेवतात.

स्वच्छता

पितळी ब्रश बोर्डच्या पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे फिरवून जुने मेण व मळ काढतात. तळ फार मळला असल्यास मऊ मेण वितळवून लावतात आणि ते कोमट असतानाच खरवडतात. मेणाबरोबर मळही निघून येतो. रासायनिक द्रावणानेही तळ साफ करता येतो, परंतु त्याने तळातील मेण निघून जाऊन तळ कोरडा पडतो. असे द्रावण ज्वलनशील असू शकते. त्यामुळे ते पूर्ण उडून गेल्याखेरीज इस्त्री तापवत नाहीत. तळावर खोल चर असल्यास मेण लावण्यापूर्वीच पॉलिइथिलीनची कांडी वितळवून तो भरतात.

मेण ठिबकवणे व पसरवणे

इस्त्रीचे तापमान मेणाच्या वेष्टनावर दिलेले असते. ते साधारणपणे मऊ मेणासाठी ११०° ते १२०° सेल्सियस, तर अतिकठीण मेणासाठी १५०° सेल्सियसच्या आसपास असते. मेण धुरकटू लागल्यास इस्त्री प्रमाणाबाहेर तापली आहे असे समजून तापमान कमी करतात.

मेणाची वडी इस्त्रीच्या तव्याला टेकवून वितळलेले थेंब बोर्डभर ठिबकवतात. कडांलगतचा तळ सर्वांत आधी कोरडा पडत असल्याने तिकडे थोडे अधिक मेण देतात. त्यानंतर इस्त्री एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे संथ, अखंड गतीने फिरवून सलग पातळ थर तयार करतात. इस्त्रीमागे काही सेंटिमीटर लांबीचा ओला, चमकदार पट्टा राहावा, ही योग्य गतीची खूण होय.

या टप्प्यावर इस्त्री एका जागी थांबवणे सर्वांत धोक्याचे असते. तळाचे पॉलिइथिलीन साधारण १३०° ते १३५° सेल्सियसला वितळते. म्हणजे कठीण मेणासाठी तापवलेली इस्त्री तळाच्या वितळबिंदूपेक्षा अधिक उष्ण असू शकते. मेणाचा थर आणि इस्त्रीची सततची हालचाल यांमुळेच तळ सुरक्षित राहतो. बोर्डची वरची बाजू हाताला कोमट लागली म्हणजे पुरेशी उष्णता पोहोचली असे मानतात. ती गरम लागल्यास काम थांबवतात.

थंड होऊ देणे

मेण लावलेला बोर्ड खोलीच्या तापमानालाच थंड होऊ देतात. यासाठी किमान अर्धा तास लागतो. रात्रभर ठेवल्यास अधिक चांगले. बोर्ड घाईने बाहेरच्या थंडीत ठेवत नाहीत, कारण एकदम आकसल्यामुळे मेण नीट मुरत नाही व त्याचे टवके उडतात.

खरवडणे

प्रथम पोलादी कडांवर सांडलेले मेण पट्टीच्या कोपऱ्याने काढतात. कडेवर मेण राहिल्यास ती कठीण हिमात पकड घेत नाही. नंतर पट्टी दोन्ही हातांनी किंचित कलती धरून, पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे लांब, सारख्या दाबाच्या ओढींनी मेण खरवडतात. पट्टीखाली भुसा निघेनासा होईपर्यंत हे काम चालू ठेवतात. थोडे मेण राहू दिले तर ते अधिक दिवस टिकेल, ही समजूत चुकीची आहे. वर राहिलेला थर पहिल्या काही उतारांतच असमान झिजतो आणि तोपर्यंत बोर्ड मंद धावतो.

ब्रश फिरवणे

शेवटी पितळी ब्रशने रेषांमध्ये अडकलेले मेण मोकळे करतात आणि नायलॉनच्या किंवा केसांच्या ब्रशने तळाला झळाळी आणतात. ब्रशची दिशाही पुढून मागे अशीच ठेवतात. तळ गुळगुळीत व चकचकीत दिसावा, परंतु नखाने ओरखडल्यास मेणाचा थर निघू नये, ही काम पूर्ण झाल्याची कसोटी आहे. नंतर बंध पुन्हा बसवून त्यांचे स्क्रू घट्ट करतात.

वारंवारता व साठवण

हौशी खेळाडूसाठी साधारणपणे तीन ते पाच दिवसांच्या खेळानंतर मेण लावणे पुरेसे मानले जाते. कृत्रिम हिम अधिक खरखरीत असल्याने त्यावर मेण लवकर झिजते. कडांलगत पांढुरके, शुष्क पट्टे दिसणे ही मेण संपल्याची खूण होय. काळ्या तळावर ती चटकन लक्षात येते. अशा तळावर दीर्घकाळ खेळल्यास पृष्ठभाग खडबडीत व तंतुमय होतो आणि पुढे लावलेले मेणही कमी शोषले जाते.

मोसम संपल्यावर तळ साफ करून जाडसर मेण लावतात व ते न खरवडता तसेच ठेवतात. कडांवरही मेणाचा थर दिल्यास त्या गंजत नाहीत. बोर्ड कोरड्या, थंड जागी उन्हापासून दूर ठेवतात आणि पुढच्या मोसमाच्या आरंभी हे मेण खरवडून काढतात.

आरोग्य व पर्यावरण

मेण अतितप्त झाल्यास त्याचा धूर श्वसनमार्गाला त्रासदायक ठरतो, तर ब्रश फिरवताना बारीक भुकटी हवेत मिसळते. त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवणे व भुकटी काढताना मुखपट्टी वापरणे हितावह असते. खरवडलेले मेण गोळा करून कचऱ्यात टाकतात. ते मोरीत टाकल्यास नळ तुंबतो.

अधिक गंभीर प्रश्न फ्लोरिनयुक्त मेणांचा आहे. १९८०च्या दशकात ती स्कीइंगमध्ये आली आणि ओल्या हिमातील त्यांच्या वेगामुळे झपाट्याने पसरली. त्यांतील परफ्लोरोअल्किल संयुगांमधील कार्बन-फ्लोरिन बंध अत्यंत मजबूत असल्याने ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. स्पर्धक संघांसाठी मेण लावणाऱ्या तंत्रज्ञांच्या रक्तात या संयुगांचे प्रमाण सर्वसामान्य लोकांपेक्षा अनेक पटींनी अधिक असल्याचे स्वीडनमधील संशोधकांना आढळले. तळावरून झिजलेले मेण हिमात मिसळते आणि हिम वितळल्यावर माती, ओढे व भूजल यांत पोहोचते.

या पार्श्वभूमीवर आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाने २०१९ साली फ्लोरिनयुक्त मेणांवर बंदी जाहीर केली. विश्वासार्ह चाचणीपद्धत तयार होण्यास वेळ लागल्याने ती पूर्णपणे २०२३-२४च्या मोसमापासून अमलात आली. स्पर्धास्थळी अवरक्त किरणांवर आधारित उपकरणाने तळाची तपासणी केली जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियातील झोल्डन येथील विश्वचषक शर्यतीत नॉर्वेची स्कीपटू राग्नहिल्ड मोविंकेल या नियमाखाली अपात्र ठरली. युरोपीय संघाने परफ्लोरोऑक्टॅनॉइक आम्लाच्या वापरावर जुलै २०२० पासून निर्बंध घातले, तर अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात अशा संयुगांच्या स्की-मेणाची विक्री जुलै २०२३ पासून बंद झाली.

जुन्या साठ्यातील फ्लोरिनयुक्त मेण घरात वितळवणे धोकादायक आहे. ते नेहमीच्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा म्हणून द्यावे लागते. अशा मेणासाठी वापरलेल्या ब्रश व इस्त्रीवर त्याचे अंश राहतात. त्यामुळे स्पर्धकांना नवी साधने वापरणे किंवा जुनी काटेकोरपणे स्वच्छ करणे भाग पडते.

भारतातील स्थिती

भारतात स्नोबोर्डिंग प्रामुख्याने जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडमधील औली आणि हिमाचल प्रदेशातील सोलंग खोरे येथे चालते. २०२० साली सुरू झालेल्या खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांत स्नोबोर्डिंगचा समावेश आहे. गुलमर्गच्या अफरवट पर्वतावरील रोपवेचे वरचे स्थानक सुमारे ३,९८० मीटर उंचीवर आहे. तेथील हिम मध्यहिवाळ्यात कोरडे व थंड असते, तर मार्चमध्ये विशेषतः खालच्या उतारांवर दुपारनंतर ओले होते. त्यामुळे एकाच मोसमात कठीण व मऊ अशा दोन्ही मेणांची गरज पडते. दोन्ही उपलब्ध नसल्यास सर्वतापमानी मेणावर काम भागवले जाते.

हेही पहा

• स्कीइंग
• हिवाळी ऑलिंपिक
• पॅराफिन
• पॉलिइथिलीन
• घर्षण
• गुलमर्ग